पत्र्यावरचं बोट

सुनेनं आज माळ्यावरचा जुना सबवूफर नातीच्या कॉम्प्युटरला जोडला आणि तो काही न लावताच मोठ्यानं घुमायला लागला. मी जाऊन कॉम्प्युटरच्या पत्र्याला बोट लावलं. घुमणं थांबलं. "आई, तुमच्या अंगात करंट हाय की काय?" सून हसली.

पंधरा वर्षांपूर्वी याच सबवूफरचा हा इलाज आमच्या ह्यांनाही असाच सापडला होता. त्यांच्या गेलेल्या आईच्या ओव्यांची कॅसेट त्यांनी कॉम्प्युटरमध्ये भरून घेतली होती, पण त्या घुमण्यात तिचा आवाज बुडायचा. "तू हात लावलास की आई नीट ऐकू येती. पाचच मिनिटं थांब की!" एवढंच त्यांचं मागणं. मी कसली थांबते! तव्यावर चटणीच्या मिरच्या होत्या, आणि सासूचं गाणं ऐकवायला मी खांबासारखी उभी राहू? "मी काय अर्थिंगची तार हाय व्हय?" म्हणत ठसक्यात निघाले. मोठी आली चटणीवाली! त्यांनी बटण बंद केलं, ते पुन्हा कधी लावलंच नाही.

आता हे नाहीत. तो कॉम्प्युटरही ओव्यांसकट भंगारात गेला. सून केव्हाच आत गेली, मी मात्र पत्र्याला बोट लावून उभी आहे. सबवूफर अगदी गप्प आहे.