बुधवारचा खेळाडू

अन्याय झाला तो आमच्या फुटबॉल क्लबातल्या एका पंचवीस वर्षांच्या मुलावर. १९९३ सालच्या ऑगस्टमधला शेवटचा रविवार, दुपारी दीड वाजता. त्या वेळी तो मैदानाच्या डाव्या बाजूला, विंगवर, उभा असायला हवा होता. सबंध उन्हाळ्यात त्याला खेळता येणार होता असा तो एकच सामना. तो आला नाही, आणि आला नाही तो माझ्यामुळे.

हे मी आधीच सांगून टाकते, कारण मी पत्रकं लिहिण्यात वाढलेली मुलगी आहे. लंडनमधल्या हाउन्सलोच्या आमच्या चळवळीच्या गटात मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं होतं : पहिल्या ओळीत कुणावर आणि कधी, शेवटच्या ओळीत मागणी, मधे गळा काढायचा नाही. घरमालकांविरुद्ध, एअरपोर्टवरच्या सफाईच्या कॉन्ट्रॅक्टरविरुद्ध, एका हेडटीचरविरुद्ध अशी बरीच पत्रकं मी काढली होती. तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. त्यातली बहुतेक पत्रकं बरोबर ठरली होती, आणि त्यामुळेच मी माजले होते.

फुटबॉल म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल. लांबट चेंडू, तो हातानं झेलायचा आणि पायानं लांब मारायचा, मैदान क्रिकेटचं, दोन्ही टोकांना चार-चार उंच खांब. माझी फ्लॅटमेट मेलबर्नची, नर्स. तिनंच मला पहिल्यांदा ओढून नेलं. म्हणाली, "एकदा ये. नाही आवडलं तर महिनाभर भांडी मी घासते." भांडी तिला कधीच घासावी लागली नाहीत. मला खेळ आवडला होता, पण त्याहून जास्त आवडला होता दोरीबाहेरचा वाद.

आमचं मैदान हीथ्रोला उतरणाऱ्या विमानांच्या बरोबर खाली होतं. दोरीपाशी आम्ही पाच-सहा जण नेहमीचे. त्यात लीड्सचा एक म्हातारा होता, रिटायर्ड इलेक्ट्रिशियन, घडीची खुर्ची घेऊन यायचा. जन्मभर रग्बी बघितलेली, पण लंडनला मुलीकडे राहायला आल्यावर त्याला घराजवळ हाच खेळ सापडला. विमान डोक्यावर आलं की आमचा वाद थांबायचा, आणि गेलं की त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायचा.

वाद दर शनिवारी एकच असायचा : टीममध्ये कोण आणि मागे राखीव कोण. कारण क्लबातली निम्मी पोरं दोन वर्षांच्या व्हिसावर आलेली ऑस्ट्रेलियन. मे महिन्यात यादीत बावीस नावं, आणि जुलै उजाडला की टीम उडून जायची. कुणी स्पेनला बैलांपुढे पळायला, कुणी ग्रीसच्या बेटांवर. मेलबर्नला अठरा जण खेळतात, आम्ही पंधरांवर भागवायचो, आणि तेवढेसुद्धा जमायचे नाहीत.

"डेप्थ नाही," म्हातारा म्हणायचा. "वरून बावीस. नखानं खरवडलं की आत काही नाही."

"डेप्थ आहे की," फ्लॅटमेट म्हणायची. "सध्या ग्रीसमध्ये वाळूवर उताणी पडलीय."

"मग त्या उंच सुताराला मधे उडी मारायला घ्या."

"त्याला उडी मार म्हटलं तर आधी एस्टिमेट देईल."

अशाच एका शनिवारी म्हातारा माझ्याकडे वळला. "तो तुमच्यातला पोरगा गं, लव्ह. बुधवारी प्रॅक्टिसला सगळ्यांत जास्त पळतो. झेल तर क्रिकेटच्या स्लिपमध्ये घ्यावा तसा घेतो. त्याला का नाही घेत?"

मी तेव्हापासून तोच प्रश्न घेऊन बसले.

तो मराठी आहे हे मला एका बुधवारीच कळलं होतं. चेंडू सुटल्यावर स्वतःलाच "अरे, हात आहेत की फावडी!" म्हणाला तेव्हा. बँकेत नोकरी, आठ वर्षांचा असताना आई-वडिलांबरोबर इथं आलेला. आडनावाच्या शेवटी 'कर'. झालं, माझ्या मनात त्याचा सगळा फॉर्म भरून झाला. मी त्याला कुंपणापाशी गाठलं.

"कुठले तुम्ही लोक?"

"अलिबागकडचे. पणजोबांचा तेलाचा घाणा होता. गावात आम्हाला शनिवार तेली म्हणायचे."

"हो का," मी म्हणाले. "बरं मला सांग, कोच तुला खेळवत का नाही?"

ज्यांना कळायचं त्यांना इथंच कळलं असेल. कोकणातले बेने इस्राएल, मराठी बोलणारे ज्यू. शनिवार हा त्यांचा धर्मानं ठरवलेला विश्रांतीचा दिवस, तेव्हा घाणा बंद ठेवायचे म्हणून गावानं त्यांना ते नाव दिलं. शाळेच्या पुस्तकात नसेल, पण माझ्या बाबांना माहीत होतं. नंतर त्यांना विचारलं तेव्हा त्यांनी चहाचा कप खाली न ठेवता सांगितलं. त्या मुलानं स्वतःबद्दलची सगळ्यात मोठी गोष्ट मला तिसऱ्या वाक्यात सांगून टाकली होती. मी ती ऐकली नाही, कारण माझा पुढचा प्रश्न तयार होता.

तो हसला. "खेळवणार आहे ना. बँक हॉलिडेच्या वीकेंडला शनिवारी ग्राउंड क्रिकेटवाल्यांना दिलंय, म्हणून आपली मॅच रविवारी आहे. त्या दिवशी मी विंगवर. कोचनं प्रॉमिस केलंय."

"अख्ख्या सीझनमध्ये एक मॅच?"

"मला एक पुरे."

"हेच तर! एकावर खूश राहायला शिकवलंय आपल्याला."

त्यानं माझ्याकडे पाहिलं, बाटलीतलं पाणी संपवलं आणि पळायला गेला. मला वाटलं, बिचारा दबलेला आहे.

मग ऑगस्टच्या मध्यावर तो शनिवार आला. आमचे चौदाच जण होते. कोच, अॅडलेडचा एक प्लंबर, पबमध्ये गेला आणि बारमनला उचलून घेऊन आला. हा बारमन ब्रिस्टलचा विद्यार्थी, सुट्टीत ग्लास धुणारा. त्यानं हा चेंडू जन्मात हातात धरला नव्हता. उसने बूट दोन नंबर मोठे. पहिलाच चेंडू मिळाला तो घेऊन आपल्याच खांबांकडे पळाला. सगळे पोट धरून हसले, पण मला हसू आलं नाही. बारमन चालतो आणि आमचा मुलगा चालत नाही?

सोमवारी ऑफिसच्या कॉपियरवर पिवळ्या कागदावर चाळीस प्रती काढल्या. मथळा इंग्रजीत, पण मराठीत सांगायचा तर असा : पंधरा जागा, एक ब्राउन खेळाडू, शून्य शनिवार. खाली बारमनची हकिगत. त्या मुलाचं नाव मी आडनावासकट ठळक छापलं.

त्याचा फोन नंबर माझ्या डायरीत होता. तो मी फिरवला नाही. वेळ नव्हता असं नंतर लोकांना सांगितलं, पण ते खोटं आहे. फोन केला तर तो "जाऊ दे" म्हणेल आणि माझं पत्रक बुडेल, अशी मला भीती होती. ही गोष्ट मी आज पहिल्यांदा लिहितेय.

त्या रविवारच्या आधीचा बुधवार. प्रॅक्टिसनंतर सगळे पबमध्ये. कोच टीमचा कागद भिंतीवर लावत होता, ओठांत दोन टाचण्या. त्याची पाठ होती तेवढ्यात मी पत्रकं वाटून टाकली. तो वळला, एक हातात घेतलं, वाचलं. त्याचे कान लाल झाले.

"बोल की," म्हातारा खुर्चीतून म्हणाला. "कारण काय?"

कोचनं त्या मुलाकडे पाहिलं आणि मग जमिनीकडे. "ते मी नाही सांगणार."

"बघितलंत?" मी सगळ्यांकडे वळून म्हणाले. "कारणच नाहीये याच्याकडे!"

माणूस दिलेला शब्द पाळत होता. मी त्याच्या न सांगण्याचा कबुलीजबाब करून टाकला.

मग तो मुलगा उठला. केस अजून ओले होते. इंग्रजीतच म्हणाला, "मी ज्यू आहे. शनिवारी मी खेळत नाही. पहिल्याच प्रॅक्टिसला कोचला सांगितलं होतं, आणि याचा गवगवा करू नको असंही मीच म्हटलं होतं. त्याची काही चूक नाही."

तेव्हा मी गप्प राहिले असते तरी पुष्कळ होतं. मी मराठीत, सगळ्यांसमोर, मोठ्यानं म्हणाले, "काहीतरीच काय! तू तर आपला आहेस."

हे वाक्य मला रस्त्यानं चालताना आठवतं आणि मी मधेच थांबते.

त्यानं मराठीतच उत्तर दिलं, सावकाश. "सिनेगॉगमध्ये विचारतात, इंडियन ना तू, मग ज्यू कसा? तुमच्या मराठी मंडळात विचारतात, ज्यू ना तू, मग मराठी कसा? प्रत्येक ठिकाणी मी पहिल्यापासून सगळं सांगतो. इथं सहा महिने कुणी काही विचारलं नाही. बुधवारी यायचं, बॉल पकडायचा, घरी जायचं." पत्रकाची चौघडी करून त्यानं बारवर ठेवली. "आता इथंही सांगून झालं."

तो बॅग उचलून गेला. भिंतीवरच्या कागदावर डाव्या विंगच्या जागी त्याचं नाव होतं. ते मी तेव्हा पाहिलं.

रविवारी ऊन होतं. पंचानं चेंडू जमिनीवर आपटून खेळ सुरू करेपर्यंत कोच गेटकडे बघत थांबला. दीड वाजला. विंगवर बारमन गेला, या वेळी मापाचे बूट घालून. आणि आम्ही जिंकलो, चांगले दणकून जिंकलो. हरलो असतो तर निदान त्याची उणीव कुणाला तरी भासली असती.

मधल्या सुट्टीत म्हाताऱ्यानं सवयीनं तोंड उघडलं. "तरी विंगवर डेप्थ..." आणि विमान आलं. विमान गेलं. पुढचं वाक्य कुणी उचललं नाही.

परतताना बसमध्ये फ्लॅटमेटनं विचारलं, "छापायच्या आधी तू त्याला विचारलं होतंस?"

"तो हो म्हणाला नसता."

"मग?" एवढंच म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत बसली.

मंगळवारी मी तो नंबर फिरवला. फोन त्याच्या आईनं उचलला. मी मराठीत नाव सांगितलं.

"हां. ती पिवळ्या कागदाची का गं तू?"

"हो, काकू. सॉरी म्हणायचं होतं त्याला."

"तो नाहीये घरी. त्याचे बाबा रविवारी पहिल्यांदा त्याची मॅच बघायला येणार होते. मी सँडविचेस बांधून ठेवलेली. मग दोघंही घरीच बसले, कुणी कुणाशी बोलेना."

"फार रागावलाय का?"

"रागावला असता तर बरं झालं असतं. तो म्हणतो, आई, तिनं माझ्यासाठीच केलं." मग त्या म्हणाल्या, "पण बाळा, आमचा फोन चालू होता ना गं?"

मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

गटात लोक म्हणाले, तुझा हेतू चांगला होता. मी त्यांना म्हणू दिलं, दोन-तीनदा तर मान हलवली. हेतू माझा होता आणि नाव त्याचं, हे तेव्हा बोलून दाखवायची हिंमत झाली नाही. पुढच्या मोसमात एक सामना रविवारी आला. कोचनं कागदावर सगळ्यांत आधी त्याचं नाव लिहिलं. तो आला नाही. कोच बुधवारी अजूनही पंधराच्या ऐवजी सोळा बिब, प्रॅक्टिसची ती बिनबाह्यांची रंगीत बनियनं, काढतो, असं फ्लॅटमेट सांगते. मी आता तिकडे जात नाही.

पत्रकं मी अजून लिहिते. अन्याय संपलेला नाही आणि मी गप्पही बसणार नाही. म्हणून मागणी करते, आणि ती तुमच्याकडे आहे. तुमच्या टेबलावर, बॅगेत किंवा डोक्यात आत्ता कुणाच्या तरी बाजूनं लिहिलेला कागद असेल, कुणाचं तरी नाव ठळक छापलेलं असेल, तर उठा आणि त्या माणसाला फोन करा. त्याला ते शब्दन् शब्द वाचून दाखवा. मधे बोलू नका, तो काय म्हणतो ते ऐका. आणि तो "नको" म्हणाला, तर कागद कितीही चांगला उतरलेला असू दे, फाडा.