ग्लोजचं पित्त

बाळांनो,

मागच्या वेळी मी तुमच्याकडे आले होते, तेव्हा धाकट्याच्या वाढदिवसाला तुम्ही सगळा हॉल फुग्यांनी भरून टाकला होता. केक कापायच्या आधीच मी उठून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. बाहेर कडाक्याची थंडी होती. तुम्ही काचेतून हात करून बोलावत होतात आणि मी नाही नाही अशी मान हलवत होते. परवा फोनवर थोरलीने विचारलं, "आजी, त्या दिवशी तू रुसली होतीस का?"

रुसले नव्हते. मला फुग्यांचं रबर सोसत नाही. खरं तर एवढ्यावर विषय संपायला हवा, पण तो एका वाक्यात कधीच संपत नाही, असा माझा आजवरचा अनुभव आहे. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते.

परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी नर्स होते, हे तुम्हाला माहीत आहे. बहुतेक नोकरी लेबर रूममध्ये, म्हणजे बाळंतपणाच्या खोलीत झाली. ते काम मला मनापासून आवडायचं. का आवडायचं ते लिहायला घेतलं तर विषय भरकटेल, आणि भरकटलेला विषय मला खपत नाही.

नोकरीची शेवटची काही वर्षं राहिली असताना ड्यूटीवर माझ्या हातांना खाज सुटायला लागली. आधी बोटांच्या बेचक्यांत, मग मनगटापर्यंत, मग पार कोपरापर्यंत लाल गांधी. आपल्याकडे अशा गांधी उठल्या की त्याला 'पित्त उठलं' म्हणतात. सगळा घोळ या एका शब्दाने केला. पित्त म्हटलं की जो तो तुमच्या ताटात डोकावतो. हातात काय घातलंय ते कुणी बघत नाही.

माझ्या सासूबाई, म्हणजे तुमच्या बाबांच्या आजी, तेव्हा होत्या. मी घरी आले की त्या आमसुलाचं पाणी घेऊन दारातच बसलेल्या असायच्या.

"वांगं खाल्लंस ना काल? मंग उठंल न्हाई तर काय!"

"वांगं सगळ्यांनीच खाल्लं, आत्याबाई."

"सगळ्याचं सोड. तुझा कोठाच गरम हाय."

दवाखान्यातले आमचे मोठे डॉक्टर इंग्रजीतून शिकलेले. त्यांनी माझे हात लांबूनच पाहिले आणि म्हणाले, "सिस्टर, ॲसिडिटी आहे. जेवणाच्या वेळा पाळत जा." हे मला! ज्या बाईच्या घरात घड्याळाकडे बघून कुकर लावतात, तिला! मी वांगं सोडलं, तुरीचं वरण सोडलं, दही, लोणचं, शेंगदाण्याची चटणी सोडली. कुणीतरी केळं पित्ताला थंड म्हणून सांगितलं, तर ड्यूटीच्या पिशवीत रोज केळी नेऊ लागले. त्या काळात माझ्याइतकी पथ्याने राहणारी बाई जिल्ह्यात नसेल, आणि माझ्याइतकी खाजवणारीही नसेल.

तुमच्या आत्याच्या लग्नासाठी मी लांबलचक रजा घेतली. लग्नाच्या घरात पथ्य कुठलं? वांग्याची भाजी, कढी, लोणचं, सगळं दोन्ही वेळा खाल्लं. अंगावर एक गांध उठली नाही. रजा संपवून कामावर गेले, ग्लव्हज चढवले, आणि पहिल्या बाईची तपासणी व्हायच्या आत दोन्ही हात कोपरापर्यंत सुजले. तेव्हा मी आत्याबाईंचं आमसूल बाजूला ठेवलं आणि परभणीच्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले.

त्यांनी ताटाचं काहीच विचारलं नाही. म्हणाले, "ड्यूटीवर हातात काय घालता?" इतक्या वर्षांत हा प्रश्न विचारणारा तो पहिला माणूस. त्यांनी समजावलं की हे पांढरे ग्लव्हज रबराच्या झाडाच्या चिकापासून बनतात, त्याला लॅटेक्स म्हणतात, आणि त्याच चिकाची मला ॲलर्जी आहे. ग्लव्हजमध्ये जी पावडर असते तिच्यावर बसून तो हवेतही उडतो. आज कातडीवर आहे, उद्या श्वासावर येईल. मग म्हणाले, "केळं खाल्ल्यावर तोंडाला खाज येते का?" येत होती. काही जणांना रबराबरोबर केळंही चालत नाही म्हणे. मी पित्तावरचं औषध म्हणून तेच खात होते!

रोग कळला, आता उपाय सोपा, असं मला वाटलं. वेगळ्या रबराचे निळे ग्लव्हज मिळतात, ते मी परभणीहून माझ्यापुरते आणले. पण शेजारच्या टेबलावर दुसरी सिस्टर पांढरे ग्लव्हज फटकन ओढायची, पावडर उडायची आणि माझा घसा आवळायचा. सगळ्या लेबर रूमनेच पांढरे सोडायला हवे होते. मोठ्या डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "सिस्टर, रिस्क कशाला? तुम्ही जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर बसा. सावलीचं काम आहे."

म्हणजे बाळ हातात घ्यायचं सोडून मी त्याची जन्मवेळ लिहायची. मी हट्टच धरला. शेवटी ते म्हणाले, "स्टोअरमधून तसले ग्लव्हज मिळत असतील तर राहा. पुढच्या महिन्यापर्यंत बघू."

सगळं स्टोअर सांभाळणाऱ्या भाऊंवर आलं. माणूस वाईट नव्हता. मी त्यांना शुद्ध शब्दांत सांगितलं, "भाऊ, लेबर रूमला लॅटेक्स-फ्री ग्लव्हज पाहिजेत."

"सिस्टर, सरकारी दवाखाना हाय. हितं सगळेच ग्लोज फ्री."

"तसं फ्री नव्हे हो. लॅटेक्स नसलेले."

"बरं बरं. पाठवतो."

आणि त्यांनी पांढऱ्या ग्लव्हजची आणखी खोकी पाठवली. जाब विचारला तर म्हणाले, "फ्री पाहिजेत म्हणल्या ना? म्हणून तर जास्तीचे दिले. तुमी आपल्या कायम नाराज." मग मी म्हटलं, रबर नसलेले द्या. तर भेळवाला घालतो तसले पातळ प्लॅस्टिकचे आले. ते घालून बाळ धरलं असतं तर मासोळीसारखं सटकलं असतं.

मी म्हटलं, इंग्रजी सोडावं, साधं मराठीत सांगावं. लेबर रूमच्या मावशी होत्या, साफसफाई बघणाऱ्या, त्यांना सांगितलं, "मावशी, मला चिकाची ॲलर्जी आहे." आता मराठीत चीक झाडाचाही असतो आणि बाळंतिणीचं पहिलं घट्ट दूध म्हणजेही चीकच. दुसऱ्या दिवशी एक बाळंतीण बाळाला पाजेना. मी समजवायला गेले तर मावशी मागून म्हणाल्या, "स्वतःला चीक चालना अन् लोकाला म्हणत्या पाजा!" सगळी खोली हसली. बाळंतिणीने तोंड फिरवलं. तिला पटवता पटवता माझ्या नाकी नऊ आले.

"अन् एक सांगा," मावशींचं संपलं नव्हतं, "पायात रबरी चप्पल हाय की तुमच्या. ती कशी चालती?"

चपलेचं रबर वेगळं असतं हे मी त्यांना सांगितलं. नंतर दुसऱ्या सिस्टरला, ड्रायव्हरला आणि चहावाल्यालाही सांगितलं, कारण प्रत्येकाला चपलेचाच प्रश्न पडत होता. पाठीमागे काय बोललं जायचं तेही कानावर यायचं. रिटायरमेंट जवळ आली, काम टाळायल्यात. महिना संपत आला होता आणि नोंदणीच्या टेबलाला माझ्यासाठी नवी खुर्चीसुद्धा आली होती.

अशात एका दुपारी सोनपेठच्या बाजूची एक पोरगी बाळंतपणाला आली. घरची मेंढरं, सतत फिरतीवर. बरोबर सासू होती, उंच, खणखणीत आवाजाची. पोरगी पहिलटकरीण, घाबरलेली. मी तिची कंबर चोळत बसले, तिला श्वास कसा घ्यायचा ते सांगत होते. तिने माझा हात घट्ट धरून ठेवला होता. बाळाचं डोकं दिसायला लागलं तेव्हा दुसरी सिस्टर मदतीला धावली. तिने नवं खोकं फोडलं आणि पांढरे ग्लव्हज झटकून ओढले. पावडरीचा लोट माझ्या तोंडावर. घसा मिटला. पोरीच्या हातातून हात सोडवून घेऊन मी बाहेर पडले.

अंगणातल्या लिंबाखाली बसून मी ॲलर्जीची गोळी घेतली. ओपीडीतल्या सिस्टरने येऊन इंजेक्शन दिलं. आतून बाळाचं रडणं ऐकू आलं. ते मी बाहेरून ऐकलं, याचाच मला जास्त संताप आला. थोड्या वेळाने ती सासू समोर येऊन उभी राहिली.

"पोरगी झाली. चांगली हाय," ती म्हणाली. "पर सिस्टर, एक इचारते. ऐन टायमाला तुमी उठून का गेलात? मेंढरावाल्याची सून, हात कशाला लावा, असंच ना?"

इतकी वर्षं मी सगळ्या जातीधर्मांची बाळं याच हातांनी घेतली होती, आणि हे ऐकायचं. उत्तर द्यायला श्वास पुरेना. तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या मानेकडे गेलं.

"अगं माय! पित्त उठलंय की! समदी मान लाल. काय खाल्लंत?"

पुन्हा ताट! मी कसंबसं म्हटलं, "खाल्लं काही नाही. ग्लव्हज."

"ग्लोजचं पित्त?"

वाद घालायची ताकद नव्हती. मी मान हलवली.

"मंग तसं बोलायचं की! आमच्या दिराला लोकरीचं उठतं. मेंढरं कातरायच्या दिशी त्याला लांब बशिवतो आमी. नायतर घुसमटतो." एवढं बोलून ती तरातरा आत गेली. तिचा आवाज बाहेरपर्यंत आला, "ए बाई, ती पांढरी ग्लोज भाईर नेऊन टाक. त्या सिस्टरला त्याचं पित्त हाय. जीव जाईल एखांद्या दिवशी!"

संध्याकाळपर्यंत हे सगळ्या दवाखान्यात पसरलं. स्टोअरचे भाऊ स्वतः चालत आले, चेहरा पडलेला.

"सिस्टर, ग्लोजचं पित्त हाय म्हणं तुमाला? मंग आधी का न्हाई सांगितलं? आमच्या घरात पित्ताचं माणूस हाय. मला ठावं हाय काय हाल व्हतेत."

"भाऊ, मी दुसरं काय सांगत होते?"

"तुमी फ्री म्हणत व्हत्या."

त्यांनी जिल्ह्याच्या स्टोअरला फोनवर फोन करून निळ्या ग्लव्हजची खोकी मागवली. मावशी दारातच उभ्या राहून पांढरं खोकं आत येऊ देईनात. "पित्त हाय सिस्टरला," एवढंच म्हणायच्या, आणि ऐकणारा बिनतक्रार परत जायचा. चपलेचं कुणी काढलं नाही. मोठे डॉक्टर एकदा राउंडला आले, निळी खोकी पाहिली आणि पुढच्या वॉर्डाकडे वळले. नोंदणीची नवी खुर्ची दुसऱ्या कुणाला मिळाली. मी रिटायर होईपर्यंत लेबर रूममध्येच राहिले. पुढे कोरोनात सगळा दवाखाना निळे ग्लव्हज घालू लागला, तेव्हा भाऊ फोनवर म्हणाले, "बघा सिस्टर, समद्यालाच तुमचं पित्त झालं."

मला हे अजूनही पटलेलं नाही. ग्लव्हजचं पित्त होत नसतं. पित्ताचा आणि याचा काडीचा संबंध नाही, आणि ज्या शब्दाने मला उगाच उपाशी ठेवलं त्याच शब्दाचे आभार मानायची माझी तयारी नाही. पण लेबर रूम त्यानेच राखली, हे लिहिलं नाही तर हिशेब अपुरा राहील.

तर आता सूचना. यंदाच्या वाढदिवसाला फुगे नकोत, कागदाच्या पताका लावा. तुमच्या मित्रमैत्रिणींनी विचारलं तर त्यांना लॅटेक्स ॲलर्जी असं नीट सांगा. पण शेजारच्या त्या नांदेडच्या काकू येतील आणि "आजींना झालंय तरी काय?" म्हणतील, त्यांना फुग्याचं पित्त आहे म्हणून सांगा. चूक आहे, तरी तेच सांगा. मी पाठ फिरवून उभी राहीन.

आणि केकमध्ये केळं घालू नका.