प्रचाराचं हळदीकुंकू

मोताळ्यात मी भरवलेल्या हस्तकला मेळ्यातल्या जवळजवळ सगळ्या वस्तू दुपारी साडेबारापर्यंत संपल्या होत्या. विक्री मात्र शून्य होती.

या दोन गोष्टी एकाच वेळी कशा घडू शकतात, असं आमच्या शाळेतले गणिताचे सर अजून विचारतात. मी त्यांना टाळतो. (मी चित्रकलेचा शिक्षक आहे. गणिताच्या माणसांना मी तसाही टाळतोच.)

या सगळ्याचं मूळ म्हणजे आमच्या शोभावहिनी, माझ्या थोरल्या भावाची बायको. वहिनी गोधड्या शिवतात. जुनी लुगडी, विटलेल्या साड्या, दादाचं धोतर, जे हाताला लागेल ते घेतात आणि त्यावर असे बारीक टाके घालतात की पाहणाऱ्याने चष्मा काढून पुसावा. पण बसायला त्यांना जागा नाही. ओट्यावर पसारा मांडायचा, पाहुणा आला की गुंडाळायचा, पाहुणा गेला की पुन्हा मांडायचा. आमच्याकडे पाहुणे फार! विहिरीकडची मोठी खोली खरं तर त्यांना मिळायला हवी होती, पण तिच्यात दिवाळीपासून दादाचा कापूस असतो. दादा भाव वाढायची वाट पाहत असतो. भाव वाढतो, तेव्हा दादाला वाटतं अजून वाढेल. मग तो उतरतो, तेव्हा दादाला वाटतं पुन्हा चढेल. अशी वीस वर्षं गेली आणि वहिनी ओट्यावरच राहिल्या.

एकदा जेवताना वहिनींनी खोलीचा विषय काढला. दादा म्हणाला, फाटक्या लुगड्यांसाठी कोणी खोली देतं का? वहिनी म्हणाल्या, त्या फाटक्या लुगड्यांना पैसे मिळतात शहरात. त्यावर दादा हसला. अगदी ताटावर हात आपटून हसला.

"बाहेरच्या एका तरी मानसानं पैसे देऊन तुही गोधडी नेली," तो म्हणाला, "त मी खोली खाली करून देतो. पन सोयरा नाई चालनार, शेजारी नाई चालनार."

वहिनींनी त्याच्या ताटात आणखी एक भाकर वाढली. पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले, आणि मला एकदम भरून आलं. मला भरून आलं की मी काहीतरी जाहीर करतो, हा माझा जुना दोष आहे. मी जाहीर केलं की मोताळ्यात हस्तकला मेळा भरेल आणि तो मी भरवेन. माझी बायको मंदा हिने डोक्याला हात लावला. (तिचाही जुना दोष.)

पौष महिना होता. पौषात लग्नं नसतात, त्यामुळे बस स्टँडसमोरचं मंगल कार्यालय रिकामं पडलं होतं आणि मालकाने ते जवळजवळ माझ्या गळ्यातच घातलं. संक्रांतीनंतरचा रविवार ठरला. बारा कारागीर गोळा झाले. रोहिणखेडचे रहीमचाचा लाकडाची लाटणी आणि रव्या घेऊन येणार होते. एक मुलगी हाताने केलेले साबण आणणार होती. शिवाय पणत्या, बांबूच्या सुपल्या, विणलेले रुमाल. आणि वहिनींच्या अकरा गोधड्या.

आता मेळ्याला गर्दी कशी जमवायची? मी दोन दिवस विचार केला आणि मला युक्ती सुचली. संक्रांत ते रथसप्तमी हे हळदीकुंकवाचे दिवस. दारातच हळदीकुंकू ठेवलं की बाया येणार, आणि आल्या की खरेदी करणार!

मंदा म्हणाली, "काहो, पन वाण काय देनार?"

मी म्हणालो, वाण नाही. हे प्रचाराचं हळदीकुंकू आहे.

"नुसतं कुंकू लावून बाईले रिकाम्या हातानं धाडत नाईत," ती म्हणाली. मी तिला प्रसिद्धीचं शास्त्र समजावून सांगितलं. तिने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि करंडा घासायला घेतला. आता आठवतं, घासताना ती गालात हसत होती.

दुसरी युक्तीही माझीच. कारागीर म्हणाले, प्रत्येक वस्तूवर किमतीची चिठ्ठी लावू. मी म्हणालो, अजिबात नाही, त्याने मांडणीचं सौंदर्य जातं. मी स्वतः सगळी टेबलं सजवली. पांढऱ्या चादरीवर एकसारखी पन्नास लाटणी, एकसारखे साठ साबण, एकसारख्या सुपल्या, सगळं ओळीत. किमतीचा एकही आकडा दिसू दिला नाही. भोंगा लावलेला ऑटो मोताळा ते रोहिणखेड सकाळपासून ओरडत फिरत होता, "भव्य हळदीकुंकू आणि हस्तकला मेळा, सर्व भगिनींनी लाभ घ्यावा!"

तर भगिनी आल्या.

सगळ्यात पुढे कोकिळाकाकू होत्या. त्या आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या प्रमुख, त्या जे करतात ते गाव करतं. मंदाने त्यांना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला, गुलाबपाणी शिंपडलं. काकू आत आल्या, रहीमचाचांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी पदर पुढे केला.

रहीमचाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या वेळी शिडीवर चढून वाकडं झालेलं बॅनर सरळ करत होतो. मला वाटलं, सुरुवात करू का म्हणून विचारतायत. मी मान हलवली.

चाचांनी काकूंच्या पदरात लाटणं ठेवलं.

काकूंच्या मागे चाळीस बाया होत्या. मी शिडीवरून उतरेपर्यंत त्यातल्या निम्म्यांच्या पदरात लाटणी पडली होती आणि पुढच्या पंधराजणी साबणाकडे वळल्या होत्या! साबणवाली मुलगी "अहो ताई, अहो मावशी" करत होती, पण भरल्या कपाळाने पुढे आलेला पदर रिकामा कसा पाठवायचा? तिच्याच्याने झालं नाही. बातमी बाहेर गेली की मोताळ्यात कुणी दिलदार माणूस एकाच ठिकाणी पाच-पाच वाणं देतोय, आणि मग रोहिणखेडकडून ऑटो भरभरून येऊ लागले. एका बाईने तर माझ्यासमोर सुनेला फोन करून सांगितलं की नेसली असशील तशी ये.

आणि प्रत्येक बाई जाताना मंदाला अखंड सौभाग्याचा आशीर्वाद देत होती. म्हणजे आयुष्य मलाच मिळत होतं. त्यामुळे मला धड तक्रारही करता येईना!

शेवटी मी माईक हातात घेतला आणि म्हणालो, भगिनींनो, या वस्तू विक्रीसाठी आहेत. शंभरेक बाया हातातलं वाण धरून माझ्याकडे पाहत होत्या.

कोकिळाकाकू पुढे आल्या. "सर," त्या म्हणाल्या, "कुंकू लावून पैसे मांगता? तुमच्या मायनं असं केलं नसतं."

मी माईकवरूनच सांगितलं की कार्यक्रम चालू राहू द्या.

रहीमचाचांना तोवर रंग चढला होता. प्रत्येकीला लाटणं देताना ते "लो बहन, खुश रहो" म्हणत होते, आणि लाटणी संपल्यावर रव्या द्यायला लागले. मी जवळ गेलो तेव्हा ते हळूच म्हणाले, "सर, योजना अच्छी है. पैसा सरकार देगी ना?" मी त्यांना पाणी प्यायला दिलं.

या सगळ्या धुमाळीत एकच टेबल जसंच्या तसं होतं, ते म्हणजे वहिनींचं. गोधडी काही वाणात मागता येत नाही. बाया यायच्या, हात फिरवायच्या, उलटी करून मागचे टाके पाहायच्या, कौतुक करायच्या आणि पुढे जायच्या. हळदीकुंकवाला आलेली बाई किंमत विचारणार तरी कशी? वहिनी मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. सकाळी त्यांनी नवी साडी नेसली होती, ठेवणीतली. पैसे ठेवायला एक छोटा डबाही आणला होता. तो उघडा होता आणि रिकामा होता. मला इतकं वाईट वाटलं की काय सांगू. हळदीकुंकवाची युक्ती माझी, चिठ्ठ्या नकोत हे डोकं माझं, आणि वीस वर्षं ओट्यावर बसलेली ती बाई आता माझ्यामुळे पुन्हा ओट्यावर जाणार होती.

मी बाहेर आलो. स्टँडवर देऊळगाव राजाच्या गाडीची वाट पाहत एक माणूस बसला होता. पंचेचाळिशीचा, हातात पिशवी, चेहरा अनोळखी. मी इकडेतिकडे पाहिलं, त्याच्या मुठीत पैसे कोंबले आणि सांगितलं की आत जा, एक गोधडी विकत घे, आणि मागच्या अंगणात आणून दे. माझं नाव काढू नको. त्याने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं आणि तो गेला.

कार्यालयाच्या मागे आचाऱ्यांची चुलाणं आहेत. मी तिथे पोचलो, तर चुलाणापाशी दादा उभा!

"तू इथं काऊन?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, हवा खायला. तू? तो म्हणाला, नळ पाहून राह्यलो. तिथे नळ नाही. आम्ही दोघं एकमेकांकडे न बघता उभे राहिलो. इतक्यात मागच्या दाराने मंदा आली, हातात करंडा तसाच. आम्हाला पाहून ती म्हणाली की कुंकू संपलं. करंडा भरलेला होता.

आणि मग तो देऊळगावचा माणूस आला. त्याच्या डोक्यावर चार गोधड्यांचा भारा होता.

त्याने भारा उतरवला आणि वाटप सुरू केलं. "ही तुमची. ही या भाऊंची. ही ताईंची." आम्ही तिघांनी वेगवेगळं जाऊन एकाच माणसाला गाठलं होतं! दादाने दस्ती काढून तोंड पुसलं, मग मान पुसली, मग पुन्हा तोंड.

"काय पाहून राह्यला बे?" तो माझ्यावर खेकसला. "सकाळपासून तिचं तोंड पायलं नाई काय तू? मले नाई पाहवलं."

पैज ज्याने लावली, तोच स्वतःला हरवायला पैसे देत होता. मला हसू आवरेना, मंदाला रडू आवरेना, आणि तो माणूस तेवढ्यात चौथी गोधडी घडी घालून पिशवीत कोंबत होता. मी विचारलं, ही कुणाची?

"ही माझी," तो म्हणाला. "माझ्या पैशानं घेतली. मंडळीला दाखवायचीय. तिला बी येतं असं शिवाया, पन तिला वाटतं, ह्याला कोन पैसे देतंय? तिला म्हणायचंय की बघ, म्या दिले."

त्याची गाडी लागली. तो गेला. आम्ही तिघं आपापली गोधडी छातीशी धरून उभे होतो. पैज वहिनींनी खरोखरची जिंकली होती, आणि आमच्या तिघांच्या लबाडीची कुणालाच गरज नव्हती.

मेळ्याचं म्हणाल तर अगदीच बुडालो नाही. रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू, आणि वाण तर प्रत्येकीलाच लागतं. ते कुठे मिळतं हे आता त्यांना माहीत झालं होतं. कोकिळाकाकूंनी स्वतः रहीमचाचांकडे लाटणी सांगितली आणि मग गावानेही सांगितली. चाचा अजून मला भेटले की पुढची योजना कधी म्हणून विचारतात. साबणवाली मुलगी मात्र मला पाहून रस्ता बदलते, आणि तिचं बरोबर आहे.

दादाने शब्द पाळला. दुसऱ्याच दिवशी खोली रिकामी केली. पण कापूस कुठे टाकणार? भाव अजून यायचा होता. घरात आणखी एकच खोली होती, माझी चित्रांची. गेली अकरा वर्षं मी तिथे बालाजीच्या मंदिराचं एक चित्र काढतोय, कळस तेवढा बाकी आहे. दादा म्हणाला, कळस काय बाहेर बसूनही काढता येते. संध्याकाळपर्यंत खोली छतापर्यंत भरली. आमच्या तिन्ही गोधड्या मी त्याच कापसात खोल दडवून टाकल्या, म्हणजे वहिनींना कधी कळायला नको.

चार दिवसांनी वहिनी चहा घेऊन आल्या. मी दारातल्या हातभर जागेत, कापसाला टेकून, अंग खाजवत बसलो होतो.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "कापसातल्या त्या तिन्ही गोधड्या काढून ठिवा. उंदरं लागतीन."

मी विचारलं, तुम्हाला कुणी सांगितलं?

"त्या देऊळगाववाल्यानंच. पयलेच येऊन सांगतलं, बाहेर तिघं जन पैसे देऊन राह्यले, काय करू? मी म्हनलं, घे. तुमच्या तिघाईसाठी महागातल्या मीच निवडून देल्या." त्या हसल्या. "मी मोजली फक्त चौथी."

मग त्यांनी एक कोरी पाटी माझ्या मांडीवर ठेवली. नव्या खोलीच्या दारावर लावायला त्यांना नाव रंगवून हवं होतं, वर 'शोभा गोधडी केंद्र' आणि खाली एक ओळ. ती ओळ त्यांनी मला दोनदा सांगितली, कारण पहिल्यांदा मी ऐकूनही न ऐकल्यासारखं केलं.

अकरा वर्षांत मी पुरं केलेलं ते एकमेव काम. एका हातात ब्रश आणि दुसरा हात पाठीवर खाजवायला, अशा अवस्थेत मी सुंदर अक्षरात लिहिलं: 'येथे हळदीकुंकू होत नाही.'