जोहे ते रोहा, पोट घासत

माझ्याकडे दोन सीटांची, लाल रंगाची, छप्पर मागे दुमडणारी स्पोर्ट्स कार आहे आणि मी रोह्याला राहतो. या दोन गोष्टी एकाच माणसाच्या बाबतीत एकाच वेळी खऱ्या असू नयेत, हे मला सोडून सगळ्या तालुक्याला माहीत होतं.

गाडी मी मुंबईच्या एका गृहस्थाकडून जुनी घेतली. (विकताना तो इतका खूश का होता, याचा विचार मी नंतर केला.) ती जमिनीपासून जेमतेम चार बोटं वर असते. तिच्यात बसायचं म्हणजे पंगतीला मांडी घालतात तसं आधी पार खाली जायचं आणि मग पाय आत ओढून घ्यायचे. उतरायचं असेल तर कुणाला तरी हाक मारायची. मी ती घेऊन कंपनीत शिफ्टला जायला लागलो, तेव्हा गेटवरचा वॉचमन रोज विचारायचा, "साहेब, बाकीची गाडी मागून येतेय काय?"

वंदनाने, म्हणजे माझ्या बायकोने, सहा महिने कळ काढली. गणपतीच्या तोंडावर मात्र तिचा बांध फुटला.

"हिच्यात सिलिंडर मावत नाय. दळणाचा डबा मावत नाय. अप्पांना दवाखान्यात न्यायचं तर मी घरी. हिचा उपयोग काय?"

"अगं, हिला एक रुबाब आहे."

"रुबाब खायला घालतो का आपल्याला? हे बघा, उद्या गणपती हिच्यातून आणायचा. दिवेलागणीच्या आत, धक्का न लागता. आणलात तर गाडी राहील. नाय आणलात तर गौरी-गणपतीबरोबर तिलाही बोळवायची. गिऱ्हाईक मी बघून ठेवलंय."

आमचा गणपती दरवर्षी जोह्याहून येतो. तिथे माझ्या आत्याच्या घरी मूर्तींचा कारखाना आहे. एरवी आमच्या आळीतले सगळे मिळून एक टेम्पो करतात आणि अप्पा, म्हणजे माझे वडील, त्या टेम्पोत पुढे बसून सगळ्यांना सूचना देत येतात. यंदा मी आळीत ऐटीत सांगून टाकलं, "आमचा स्वतंत्र येणार." आता माघार घेतली असती तर गाडीबरोबर अब्रूही गेली असती.

निघताना अप्पांनी नियम सांगितले. गणपती पाटावर ठेवून मांडीवर घ्यायचा. डिकीत ठेवायचा विचारही करायचा नाही. तोंड रुमालाने झाकलेलं पाहिजे, ते घरी आल्यावरच उघडायचं. आणि एकदा उचलला की घरापर्यंत खाली टेकवायचा नाही. मी मान डोलावली. नियम ऐकताना सगळेच सोपे वाटतात.

जोह्याला आधी अप्पा गाडीत बसले, म्हणजे आम्ही दोघातिघांनी त्यांना आत उतरवलं. मग मांडीवर पाट आणि पाटावर गणपती आला. मुकुट समोरच्या काचेच्याही वर गेला, म्हणून छप्पर उघडं ठेवावं लागलं. (पाऊस त्या दिवशी कुठे गेला होता कोण जाणे, पण गेला होता. बाप्पाने स्वतःची सोय स्वतः केली.) आता निघायचं, एवढ्यात आत्या गोणी ओढत आली.

"नंदू, रिकामा जाशील व्हय रं? मोदकाची पिठी घरच्या तांदळाची व्हायला पायजे."

"आत्या, गाडीत जागा नाय गो."

"येवढी म्हागाची गाडी न् जागा नाय? मग ह्याच्यात देतात तरी काय?"

तांदूळ डिकीत कोंबले. मग शेजारच्या मिठागरवाल्याने अप्पांवरच्या मायेने जाड्या मिठाची एक गोणी दिली. ती अप्पांच्या पायाखाली गेली, त्यामुळे अप्पांचे गुडघे छातीला लागले आणि गणपती त्यांच्या हनुवटीला. पेणला पोचल्यावर "आलोच आहोत तर" या तीन शब्दांपायी पापड आणि पोहे घेतले, ते माझ्या मांडीवर बसले. गियर टाकताना पापडांची परवानगी घ्यावी लागत होती.

वडखळपर्यंत ठीक होतं. नागोठण्याला हायवे सोडून रोह्याच्या रस्त्याला लागलो आणि पहिला गतिरोधक आला. गाडीची पुढची चाकं वर चढली, खाली उतरली आणि पोटातून खर्रर्र असा आवाज आला.

"नंदू, काय मोडलं रे?"

"काही नाही अप्पा. रस्ता मोडला असेल."

दुसऱ्या गतिरोधकाला गाडी थेट अडकली. अप्पा उतरल्याशिवाय ती हलेना. मी कसाबसा बाहेर आलो, पलीकडे गेलो आणि गणपती माझ्या हातात घेतला. इथे नियमांची खरी गंमत सुरू झाली. अप्पांना वर ओढायला दोन हात हवेत, माझ्या दोन्ही हातांत गणपती, आणि गणपती खाली टेकवायचा नाही. गणपती वर, अप्पा खड्ड्यात आणि मध्ये मी उभा! शेवटी एका दुधवाल्याने सायकल लावून अप्पांना काढलं. अप्पांनी गणपती घेतला, गतिरोधक पायी ओलांडला आणि पलीकडे जाऊन उभे राहिले. मी गाडी पुढे घेतली. खर्रर्र.

"मीठ काढ," अप्पा तिथून म्हणाले.

मीठ काढलं. खर्रर्र. तांदूळ काढले. खर्रर्र. शेवटी गाडी घासतच पार झाली. मग सगळं पुन्हा भरलं, अप्पांना पुन्हा आत उतरवलं आणि पुढच्या गतिरोधकाला तीच कवायत पहिल्यापासून केली. या रस्त्यावर प्रत्येक गावाला गतिरोधक आहे आणि प्रत्येक गावाला आपला गतिरोधक शेजारच्या गावापेक्षा उंच हवा आहे.

भिसे खिंडीच्या अलीकडच्या एका गावात अप्पा नेहमीप्रमाणे गणपती घेऊन पुढे गेले. गाडी न्यूट्रलला टाकून मी आणि गावातले दोन जण मागून हात देत होतो. गाडी पार झाली. वळून बघतो तर रस्त्यावर अप्पा नाहीत आणि गणपतीही नाही.

गाडी गेली तर गेली, पण गणपती आणि वडील दोन्ही हरवून घरी जायचं म्हणजे वंदनाने माझंच विसर्जन केलं असतं.

तेवढ्यात एका घरातून टाळ ऐकू आले. धावत गेलो. दारात रांगोळी, ओसरीवर चौरंग सजवलेला. अप्पा उंबऱ्यात उभे, पायांवर पाणी घातलेलं, कपाळाला कुंकू, आणि एक म्हातारी आमच्या गणपतीवरून भाकरतुकडा ओवाळत होती.

"लय उशीर केलात वो," ती अप्पांना म्हणाली, "कवापासून वाट बघतो. घ्या आत."

"अप्पा, हे काय चाललंय?"

"मला वाटलं गावाची पद्धत असेल," अप्पा कानात म्हणाले. "इतक्या प्रेमाने ओवाळतायत, नाही कसं म्हणायचं?"

त्या घरचा गणपतीही जोह्याहूनच यायचा होता आणि आणणारा माणूस त्यांच्या ओळखीचा नव्हता. गणपतीचं तोंड झाकलेलं, त्यामुळे ओळखायचा तरी कशावरून? मी हात जोडून सांगितलं की हा आमचा आहे.

म्हातारीने ताम्हन खाली ठेवलं नाही. "ओवाळलेला गणपती उंबऱ्यावरून परत जायचा नाय. आमच्यात तसं चालत नाय."

"आजी, आमच्यात पण असंच आहे हो, पण आधी घर तरी आमचं असू द्या!"

बोलणी पंधरा-वीस मिनिटं चालली. अप्पांचे हात भरून आले, तरी ते गणपती कुणाच्या हाती देईनात. मला पहिल्यांदाच गाडीचा, स्वतःचा आणि त्या दुमडणाऱ्या छपराचा मनापासून राग आला. टेम्पोत पुढे बसून सूचना देत येणाऱ्या माणसाला मी परक्याच्या दारात असं उभं केलं होतं. सुदैवाने त्यांचा खरा गणपती रिक्षातून आला आणि आम्ही सुटलो. म्हातारी एकदम निवळली. "ओवाळलाय, तर रिता कसा जाईल?" म्हणत तिने पाच नारळ आणि दोन भल्यामोठ्या काकड्या दिल्या. त्या मी पापडांवर ठेवल्या.

रोहा दोन किलोमीटरवर आलं तेव्हा ऊन कलतं झालं होतं. शेवटच्या गतिरोधकावर गाडी बसली ती बसलीच. मी वंदनाला फोन केला. ती रिक्षा घेऊन आली आणि आल्याआल्या सामान हलवायला लागली. गणपती, अप्पा, तांदूळ, मीठ, पापड, पोहे, नारळ, काकड्या, सगळं रिक्षात गेलं आणि वर जागा उरली.

"आता बघ," मी म्हणालो. "दोष वजनाचा होता. रिकामी गाडी कशी तरंगत जाते बघ."

मी गाडीत बसलो. खर्रर्र.

खाली काय अडकलंय ते बघायला मी धडपडत बाहेर आलो. वंदना गाडीकडे टक लावून बघत होती.

"अहो, परत बसा बरं."

बसलो.

"आता उठा."

उठलो. या वेळी मीही पाहिलं. मी बाहेर पडलो तशी गाडी हळूच, सुटकेचा श्वास सोडावा तशी, चांगली तीन बोटं वर आली. रिक्षावाला तोंड फिरवून उभा राहिला, पण त्याचे खांदे हलत होते.

"वजनाचाच दोष होता रे," अप्पा रिक्षातून म्हणाले. "उगाच मिठाला बोललो."

वंदनाने माझ्या हातातून चावी घेतली. (तिचं लायसन्स माझ्यापेक्षा जुनं आहे.) "गाडी चांगली हाय. गाडी ठेवू या," ती म्हणाली आणि आत बसली. गतिरोधकावरून गाडी अशी गेली की चिमणीलाही आवाज आला नसता. मागून रिक्षा गेली.

मी चालत घरी पोचलो तेव्हा दारात गाडी होती, मखरात गणपती, खुर्चीत अप्पा, आणि आरती संपून लोक प्रसाद घेऊन निघाले होते. सगळं सामान दिवेलागणीच्या आत, धक्का न लागता पोचलं होतं. जास्तीचं तेवढं मागून आलं.