वेलिबोरचा खोकला

झायेचार गावात रादिसाव आणि वेलिबोर यांचं दुरुस्तीचं दुकान तीस वर्षं चाललं. रेडिओ, टेपरेकॉर्डर, लग्नात वाजवणाऱ्यांचे ॲम्प्लिफायर, जे येईल ते. रादिसाव घायकुता, वेलिबोर चेंगट आणि सदा खोकणारा. दोघांचं पटायचं नाही आणि एकमेकांवाचून पानही हलायचं नाही.

दुकानात नियम मात्र एकच होता. जुन्या ॲम्प्लिफायरचा प्लग काढला तरी त्याच्या पोटातल्या कंडेन्सरमध्ये माणूस मारण्याइतकी वीज दबा धरून बसते. ती काढून ज्याने कंडेन्सर रिकामा केला त्याने आतल्या पत्र्यावर खडूने फुली मारायची. फुली दिसली की दुसऱ्याने खुशाल हात घालायचा. उलटून विचारणं म्हणजे अपमान.

गेल्या मार्चमध्ये एका ॲम्प्लिफायरवर रादिसावने घाईघाईत आधी फुली मारली. वीज काढणार तेवढ्यात फोन वाजला, आणि स्वारी बोलत बोलत बाहेर गेली. परत आला तेव्हा वेलिबोर टेबलाखाली पडला होता. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. ते तसंही नाजूकच होतं. रादिसाव हो म्हणाला आणि वर्षभर हो हो करत राहिला. वेलिबोरच्या बायकोच्या, झोर्काच्या नजरेला नजर देण्याची मात्र त्याची छाती झाली नाही.

या मार्चमध्ये गावातला एक दातांचा डॉक्टर जुन्या बाजारातून घेतलेला बंद ॲम्प्लिफायर टाकून गेला. रादिसावने मागची फळी काढली. गेल्या मार्चमधला तोच होता. आत त्याच्याच हातची फुली.

या वेळी त्याने वीज तीन-तीनदा काढली. फुगलेला कंडेन्सर बदलला, सुटलेल्या तारेला डाग दिला, आणि गिटार न जोडताच बटण दाबलं. आतले काचेच्या नळ्यांचे व्हॉल्व्ह तापले. स्पीकरमधून कोणीतरी खोकलं.

म्हातारा व्हॉल्व्ह खोलीतले आवाज उचलतो, हे त्याला पाठ होतं. पण खोलीत खोकायला होतं कोण? त्याने व्हॉल्व्ह बदलला. खोकला पुन्हा आला, आणि त्यामागून सावकाश, रोजच्या सुरात, "रिकामा केलास ना?"

वेलिबोरने हे तीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. रादिसावने प्लग उपटला. उरलेल्या विजेवर ॲम्प्लिफायर दोन-चार सेकंद बोलतो, फार तर दहा. हा पाच मिनिटं झाली तरी विचारतच होता.

तेवढ्यात झोर्का आली. काळे कपडे, हातात वर्षाच्या विधीसाठी शिजवलेल्या गव्हांची वाटी. उद्या कबरीवर याल ना, एवढंच तिला विचारायचं होतं. पण याचा चेहरा पाहून ती दारातच थांबली.

"वहिनी, तुम्हाला वेलिबोर ऐकू येतोय का?"

"नाही." तिने वाटी टेबलावर ठेवली. "काय म्हणतायत हे?"

मग त्याने सगळं सांगून टाकलं, फुली, फोन, सगळं. झोर्का रडली नाही, ओरडली नाही. वेलिबोरच्या स्टुलावर बसून तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मला काय सांगताय, भाऊजी?" ती म्हणाली. "विचारतायत ते. त्यांना उत्तर द्या."

रादिसाव स्पीकरपुढे खाली बसला.

"नाही रे," तो म्हणाला. "नव्हता केला."

स्पीकरमधला आवाज थांबला.