अंकल सॅमचे गुडघे

लॉइड हाबेगरला ड्रायव्हरीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गावात त्याला शाळेच्या बसचा लॉइड म्हणून कुणीच ओळखत नाही. तो अंकल सॅम, म्हणजे माणसाच्या रूपातली अमेरिका. चार जुलैच्या, म्हणजे स्वातंत्र्यदिनाच्या, मिरवणुकीत अग्निशामक गाडीच्या मागून पट्ट्यापट्ट्यांची विजार, ताऱ्यांची उंच टोपी आणि कापसाची दाढी लावून, पायांना लांबच लांब लाकडी पाय बांधून, दुकानांच्या पाट्यांच्या वरून जग बघत चालणारा. इंडियानातल्या या गावात याहून मोठा मान नाही. निदान लॉइडच्या मते नाही, आणि मान त्याचाच असल्यामुळे त्याचं मत जरा पक्कं होतं.

"वर्षातले तीनशे चौसष्ट दिवस मी बुटका," तो स्वतःच सांगतो, "म्हणून तर एका दिवसासाठी जीव टाकायचो."

मग एका वर्षी गुडघ्यांनी दगा दिला. जिना उतरताना ते असे कुरकुरायचे की बायको मार्लिस स्वयंपाकघरातून ओरडायची, "आला का रे अमेरिका देश खाली?" डॉक्टरने लाकडी पायांचं नाव काढू नको म्हणून बजावलं होतं. लॉइडने हे मार्लिसला सांगितलं नाही. ते तिला डॉक्टरच्या बायकोने सांगितलं.

एप्रिलमध्ये फायर स्टेशनात मिरवणूक समितीची बैठक बसली. पुढचा सॅम कोण, एवढाच विषय. कुणीच पुढे येईना. तेव्हा मागच्या खुर्चीवरून नेफ्ताली उठला. हा छपरं शाकारणारा. निम्म्या गावाची छपरं त्याच्या हातची, लॉइडचंसुद्धा.

"मी करीन," तो म्हणाला. "मेक्सिकोत आमच्या गावात सणाला असल्या लाकडी पायांवर नाचतात. मी लहानपणापासून नाचलोय."

मग जी जुंपली! एक म्हणाला, माणूस चांगला आहे, पण सॅम म्हणजे देश, देश कुणाच्याही पायाला कसा बांधायचा? ग्रंथालयाची बाई म्हणाली, नेफ्ताली गेल्या वर्षी शपथ घेऊन नागरिक झालाय, तुमच्यापैकी शपथ कुणी घेतलीय? दुसरा म्हणाला, प्रश्न कागदाचा नाही, रक्ताचा आहे. प्रश्न सीमेचा आहे, नोकऱ्यांचा आहे, भाषेचा आहे, असं करत करत बैठक मिरवणुकीवरून पार वॉशिंग्टनला जाऊन पोचली.

शेवटी लॉइड उठला. त्याची आजी मरेपर्यंत स्विस बोलीत शिव्या घालायची आणि त्याला त्या भाषेतलं फक्त तेवढंच येतं, हे त्या क्षणी त्याला आठवलं नाही. छाती काढून तो म्हणाला, "मला नेफ्तालीबद्दल आकस नाही. पण कुठेतरी थांबवायलाच हवं."

सगळ्यात जोरात टाळ्या ड्वेनच्या. ड्वेन म्हणजे त्याचा शाळेपासूनचा मित्र. सकाळची कॉफी दोघांची एकाच टेबलावर. ठरलं, यंदाही सॅम लॉइडच. खरं सांगायचं तर देशबिश सगळं वरवरचं होतं. त्याला टोपी सोडवत नव्हती.

चार जुलैला मिरवणूक झोकात निघाली आणि बँकेच्या कोपऱ्यावर अडली. एका फुटपाथवरून 'सीमा बंद करा'वाले रस्त्यात उतरले होते, दुसऱ्यावरून 'सगळ्यांचं स्वागत'वाले. दोन्हीकडे ओळखीचीच तोंडं. अग्निशामक गाडी थांबली, बँड थांबला, ट्रॅक्टर थांबले.

लॉइडला थांबता येईना. लाकडी पायांवर उभं राहता येत नाही, सतत पाऊल हलवत राहावं लागतं. हललं नाही की माणूस आडवा. तेव्हा तो भर चौकात, मोरीचं दार आतून बंद असलं की पोरं नाचतात तसा जागच्या जागी नाचायला लागला.

"सॅम, सांग यांना, हा देश कुणाचा!" एका बाजूने आरोळी आली.

"सॅम आमच्या बाजूचा आहे!" दुसऱ्या बाजूने.

"अरे, मला कुणीतरी धरा!" लॉइड ओरडला.

लोकांना वाटलं विनोद केला. दोन्ही बाजूंनी एकदमच हशा आणि टाळ्या. त्या दिवशी गावाचं एवढ्या एकाच गोष्टीवर एकमत झालं. उजवा गुडघा लटपटला. आता आपण मरणार आणि तेही कापसाची दाढी लावून, असं लॉइडच्या मनात आलं.

मागे दुकानदारांच्या गाड्यांत नेफ्तालीचा ट्रक होता. तो उडी मारून धावत आला आणि दोन्ही हात वर करून समोर उभा राहिला.

"मिस्टर लॉइड, खाली बघू नका. माझ्याकडे बघा. छोटी पावलं. थांबायचं नाही. या, या, माझ्याबरोबर या."

बाळाला चालायला शिकवावं तसं त्याने लॉइडला ट्रकपर्यंत नेलं आणि टपावर टेकवलं. त्याला वाट देताना दोन्ही बाजूंचे लोक मागे सरले होते, तेवढ्यात रस्ता मोकळा झाला. उरलेली मिरवणूक अंकल सॅमने छपरंवाल्याच्या ट्रकच्या टपावर बसून केली. त्याचे लाकडी पाय काचेवर लोंबत होते आणि दोन पायांच्या फटीतून वाकून वाकून रस्ता बघत नेफ्ताली गाडी हाकत होता.

ही फजिती लॉइडने कॉफीच्या टेबलावर स्वतःच रंगवून रंगवून सांगितली. फक्त गोष्टीत नेफ्ताली आला की तो कपात चमचा ढवळत बसायचा. त्याला लाज वाटत होती, आणि ती विनोदात मुरत नव्हती.

पुढच्या एप्रिलच्या बैठकीत नेफ्तालीचं नाव त्यानेच सुचवलं.

"गेल्या वर्षी काय म्हणाला होतास, आठवतं ना?" ड्वेनने विचारलं.

"आठवतं. तेव्हा माझे दोन्ही पाय जमिनीवर होते."

लॉइडच्या एका मताने नेफ्ताली निवडून आला. दुसऱ्या दिवशी ड्वेन दुसऱ्या टेबलावर बसला. मग रोजच. लॉइड एकटा कॉफी प्यायचा आणि ती त्याला कडू लागायची, कितीही साखर घातली तरी.

चार जुलैला नवा सॅम असा चालला की म्हाताऱ्या बायासुद्धा खुर्च्यांवरून उठल्या. लॉइड गळ्यात शिट्टी अडकवून, लंगडत, पुढे वाट मोकळी करत होता. बँकेच्या कोपऱ्यावर बघतो तर ड्वेन घडीची खुर्ची भर रस्त्यात मांडून बसलेला, मिरवणुकीकडे पाठ करून.

मागे बँड अडखळला. नेफ्ताली जागच्या जागी पावलं टाकायला लागला.

"ड्वेन, बाजूला हो! त्याला थांबवू नकोस, पडेल तो!"

"कुठेतरी थांबवायलाच हवं," ड्वेन मान न वळवता म्हणाला. "तूच म्हणालास ना?"

"मीच म्हणालो. गाढव होतो." लॉइड त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. "गेल्या वर्षी याच चौकात मी धरा धरा म्हणून ओरडत होतो. तू कुठे होतास रे?"



"इथेच," ड्वेन म्हणाला. "मला वाटलं तू गंमत करतोयस. टाळ्या वाजवत होतो."

"मग आताही वाजव. जरा बाजूला बसून."

ड्वेन उठला. खुर्ची खरडत फुटपाथपर्यंत नेली आणि बसला. टाळ्या त्याने वाजवल्या नाहीत. पण खुर्चीचं तोंड या वेळी रस्त्याकडे होतं.