भाडेकरूच्या पोटावरचे फोड

माणसांची त्वचा बघण्यात माझं सगळं नोकरीचं आयुष्य गेलं. शिक्षण पुण्यात झालं, मग कॅनडात येऊन पुन्हा परीक्षा दिल्या, आणि निवृत्त होईपर्यंत व्हिटबीत त्वचारोगांची डॉक्टर म्हणून काम केलं. एक्झिमा, सोरायसिस, हिवाळ्यात भेगाळलेले हात. पेशंट खुर्चीत बसायच्या आत निम्मं निदान झालेलं असायचं, आणि जे कळत नसे ते मी सरळ 'कळत नाही' म्हणून सांगत असे. या सवयीचा उपयोग एखाद्या सापाला होईल असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

साप आमच्या मुलीचा. कॉर्न स्नेक म्हणतात त्या जातीचा, नारिंगी रंगाचा, बिनविषारी, स्वभावाने अगदी गरीब. मुलीला लांबच्या कनाटा गावात नोकरी लागली आणि तिथल्या बिल्डिंगमध्ये साप चालत नाहीत म्हणून त्याची काचेची टाकी आमच्या बेसमेंटमध्ये आली. "जस्ट फॉर अ व्हाइल, आई," असं म्हणून ती गेली. ह्यांनी त्याच दिवशी त्याचं नाव 'भाडेकरू' ठेवलं.

हे कोल्हापूरजवळच्या खेड्यात वाढलेले. साप दिसला की घरातले मोठे काठ्या घेऊन धावायचे, एवढीच त्यांची सापांशी ओळख. त्यामुळे टाकी साफ करणं, सापाला उचलणं, कात टाकली की तपासणं ही सगळी कामं माझी. हे जिन्यावरून विचारायचे, "आहे का तो आत? झाकण नीट लावलंस ना?"

मग जानेवारीत ड्राइव्हवेवरचं बर्फ फावड्याने उपसताना माझा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. कोपरापर्यंत प्लास्टर. जिना उतरायची भीती वाटायची, म्हणून कित्येक आठवडे मी खाली गेलेच नाही. भाडेकरूची जबाबदारी ह्यांच्यावर आली, आणि त्यांनी ती मनापासून घेतली. त्याचे गोठवलेले उंदीर ठेवायला आम्ही एक वेगळा छोटा फ्रीझर घेतला होता. त्यातला उंदीर काढायचा, गरम पाण्यात ठेवून नरम करायचा आणि लांब चिमट्याने आत सोडायचा, हे सगळं आमचे शाकाहारी यजमान तोंड फिरवून का होईना, पण न चुकता करत होते.

प्लास्टर असूनही चालायचा धीर आला तेव्हा एका दुपारी मी कठडा धरत खाली उतरले. पायरीवरच नाकाला ओलसर, कुबट वास आला. टाकीच्या काचेवर आतून पाण्याचे थेंब ओघळत होते. शेजारी आमच्या बेडरूममधला, हवेत वाफ सोडणारा ह्युमिडिफायर फुसफुसत होता.

"अहो, हा इथे कोणी आणला?"

"मीच," हे अभिमानाने म्हणाले. "गेल्या वेळी त्याची कात तुकड्या-तुकड्यांनी निघाली. फर्नेसने घर तापतं तशी हवा कोरडी पडते, म्हणून हा लावला. शिवाय रोज सकाळ-संध्याकाळ स्प्रेने पाणी मारतो."

मी डाव्या हाताने खालचा लाकडाचा भुसा चाचपला. वरून दमट होता आणि तळाशी चक्क चिखल झाला होता. साप पाण्याच्या भांड्यावर चढून, काचेला टेकून बसला होता. त्या स्थितीत त्याचं पोट मला काचेतून दिसलं.

पोटाच्या रुंद खवल्यांवर तांबूस-तपकिरी डाग होते. काही खवल्यांच्या कडा उचलल्या गेल्या होत्या, आणि शेपटीकडच्या बाजूला दोन फोड होते, आत पाणी असलेले, टरारून फुगलेले.

मी मुलीला व्हिडिओ कॉल केला. तिने बघितलं आणि म्हणाली, "ही इज गोइंग इन्टू शेड, आई. कात टाकायच्या आधी पोट पिंक होतं. नॉर्मल आहे."

"पिंक होतं ते सगळीकडे सारखं होतं," मी म्हटलं. "आणि तेव्हा डोळे दुधाळ दिसतात, अंग निस्तेज होतं. याचे डोळे बघ, लख्ख आहेत. हे डाग एकसारखे नाहीत, जिथे पोट ओल्याला टेकतं तिथेच आहेत. आणि कात टाकताना फोड येत नाहीत."

ती हळूच म्हणाली, "माइट्स असतील का?"

प्रश्न बरोबर होता. सापांच्या अंगावर बारीक काळे किडे होतात, रक्त पितात, आणि मग साप पाण्यात बुडून बसतो. मी पांढरा टिश्यू ओला करून त्याच्या अंगावरून फिरवला, हनुवटीखाली आणि डोळ्यांच्या कडेला भिंगातून बघितलं, पाण्याच्या भांड्याचा तळ बघितला. एकही ठिपका नव्हता.

"किडे नाहीत. हा ओलाव्याने झालेला जंतुसंसर्ग आहे. माणसाला ओले मोजे घालून महिनाभर बसवलं तर काय होईल? तेच."

ह्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्यामुळे?"

"कात नीट निघावी म्हणून केलंत ना तुम्ही? कोणालाही हेच सुचलं असतं. आता कोरडं करायचं, एवढंच."

"मी त्याला पाणीच दिलं होतं," ते पुटपुटले आणि ह्युमिडिफायरचं बटण बंद केलं.

माझ्या कपाटात मलमांच्या ट्यूबा भरपूर होत्या. एकीलाही हात लावला नाही. त्वचा ओळखणं वेगळं आणि कोणत्या प्राण्याला कोणतं औषध किती सोसतं हे माहीत असणं वेगळं. ह्यांच्या एका मित्राने फोनवर खोबरेल तेल चोळायला सांगितलं, तेही मी तिथल्या तिथे मोडून काढलं. जखम ओलाव्याने झालेली असताना वरून तेलाचा थर कशाला? सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारी एक डॉक्टर पिकरिंगला होती, तिची वेळ घेतली. बाहेर कडाक्याची थंडी. साप उशीच्या अभ्र्यात, अभ्रा पिकनिकच्या कूलरमध्ये, बाजूला टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. गाडी आधी तापवून ठेवली आणि हे जन्मात चालवली नव्हती इतक्या जपून ती चालवत गेले.

त्या तरुण डॉक्टरने पोट बघितलं, फोडातलं पाणी तपासायला घेतलं आणि माझं निदान बरोबर असल्याचं सांगितलं. संसर्ग अजून खवल्यांच्या खाली खोल गेला नव्हता. अजून थोडा उशीर झाला असता तर तो रक्तात गेला असता. भुसा काढून पेपर टॉवेल अंथरायचे आणि घाण झाले की लगेच बदलायचे, टाकीखालची हीट मॅट तपासायची, पातळ आयोडीनने पोट पुसायचं, पूर्ण वाळवायचं, मग तिने दिलेलं मलम लावायचं. आणि काही दिवसांआड अँटिबायोटिकचं इंजेक्शन.

"इंजेक्शनं घरी द्याल का?" तिने विचारलं.

"देईन. डाव्या हाताने देईन," मी म्हटलं. "फक्त कोणीतरी धरायला हवं."

आम्ही दोघींनी ह्यांच्याकडे बघितलं.

घरी आल्यावर बेसमेंटमध्ये टेबलावर सगळं मांडलं. ह्यांनी बर्फात घालायचे जाड हातमोजे चढवले. मी म्हटलं, "काढा ते. तुम्हाला त्याचं अंग कळणार नाही आणि जास्त दाबाल."

"चावला तर?"

"चावला तर खरचटेल. साबणाने धुऊ. तसेही नंतर हात धुवायचेच आहेत."

त्यांनी हातमोजे काढले, तळवे पँटला पुसले आणि डोळे अर्धे मिटून हात पुढे केले. मी साप त्यांच्या हातांवर ठेवला. खांदे कानांपर्यंत चढले होते त्यांचे. साप त्यांच्या बोटांमधून सरकला, मनगटाला वेढा घातला आणि थांबला.

"अगं, हा कोरडा आहे!" ते म्हणाले. "मला वाटलं होतं बुळबुळीत असेल."

"आत्ता तरी कोरडा आहे. पोट वर करा. एक हात डोक्यामागे, एक मध्ये. हं, असं."

मी आयोडीनने एकेक खवला पुसला. डावा हात सुरुवातीला अवघडला, पण सुई खवल्यांच्या मधून तिरकी घालायची हे एकदा जमल्यावर अडलं नाही. साप एकदाच आखडला. ह्यांनी दाबलं नाही, सोडलंही नाही. उलट त्याच्याशीच बोलत होते, "झालं, झालं, बाबा. डॉक्टरीणबाईंचा हात हलका आहे."

उपचार चालू असतानाच्या आठवड्यांत हे टाकीकडचे इंजिनिअर झाले. आत एक ओलावा मोजायचं यंत्र लावलं. कात निघायला ओलावा लागतोच, पण तो एका कोपऱ्यात, झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात दमट शेवाळ ठेवून द्यायचा आणि बाकीची टाकी कोरडी ठेवायची, हे डॉक्टरने सांगितल्यावर त्यांनी डबा स्वतः कापला आणि सापाला खरचटू नये म्हणून भोकाच्या कडा पॉलिश पेपरने घासल्या.

फोड सुकले. तपकिरी डागांवर खपली धरली. आणि बर्फ वितळायला लागलं तेव्हा एका सकाळी हे खालून ओरडले, "डोळे दुधाळ झालेत! ये लवकर!"

काही दिवसांनी कात निघाली, अख्खी, डोक्यापासून शेपटीपर्यंत. मी ती खिडकीशी धरून बघितली. डोळ्यांवरचे दोन पारदर्शक गोल जागच्या जागी होते, म्हणजे डोळ्यांवर काही चिकटून राहिलं नव्हतं. पोटाच्या भागात जिथे जखमा होत्या तिथे कात जाडसर होती, पण फाटली नव्हती. शेवटच्या तपासणीला डॉक्टरने औषध बंद केलं.

ईस्टरच्या सुट्टीत मुलगी आली. बाबांनी सापाला खांद्यावर घेतलेलं बघून ती दारातच थांबली. "बाबा? सिरियसली?"

"बघतेस काय? हात धुऊन ये, मग देतो," हे म्हणाले.

तिने साप उलटा करून पोट निरखलं. तीन-चार खवले जरा वाकडे, फिकट राहिले होते. "हे जाईल ना, आई?"

"नाही," मी सांगितलं. "ते तसेच राहणार. त्याला दुखत नाही, सरकताना अडत नाही, खाणं उत्तम आहे. याहून बरी त्वचा घेऊन माझ्या दवाखान्यातून फार थोडे लोक बाहेर पडले."